गॅस काढा, पण रिकामे घड रानात येऊ द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात पामतेलाच्या भावाची बातमी होती, पण तेल काढल्यावर मागं जे उरतं त्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

मी मोहोळ तालुक्यातला ऊसवाला. सोलापुरात पूर्व भागात माझा एक तेलुगू दोस्त आहे, त्याच्या मावसभावाची तेलंगणात अश्वारावपेटकडं पामची बाग आहे, तिथं गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलो. त्यांनी घड मिलला घातले आणि येताना तीच ट्रॉली रिकाम्या घडांनी, म्हणजे फळं काढून उरलेल्या सांगाड्यांनी, भरून आणली. ओले, तपकिरी, एकेक घड म्हणजे साळिंदर मरून पडल्यागत, मी हौसेनं उचलायला गेलो तर हाताला टोचलंच. ते झाडाच्या बुडाशी गोल पसरतात, ओल टिकते, तण दबतं, आणि कुजलं की पालाश, म्हणजे पोटॅश, मिळतं.

१०० किलो घडातून तेल साधारण २० किलो, रिकामे घड पण जवळपास तेवढेच. चोथा आणि कवच बॉयलरला, आपल्या उसाच्या बगॅससारखं, म्हणजे चिपाडासारखं. मलेशिया-इंडोनेशियातलं कवच तर जपानला जातं, तिथं त्याच्यावर वीज करतात. खरी डोकेदुखी सांडपाण्याची, एक टन तेलामागं अडीच-तीन टन, गरम, आंबूस, तेलकट. उघड्या तळ्यात सोडलं की मिथेन सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटीच्या वर तापवतो म्हणे, पण तळ्यावर झाकण घातलं की तोच गॅस इंजिनला चालतो. आपल्याला यात नवल काय, आपल्या डिस्टिलऱ्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या पाण्याचा, गॅस करतात आणि प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेल्या गाळावर, तेच मारून खत करतात, तिकडं घड चिरडून त्यावर सांडपाणी मारतात एवढंच.

आता २०२१ पासून केंद्राचं ११,०४० कोटींचं पाम मिशन आहे, म्हणजे बागा वाढणार, मिल वाढणार, मग घडाचा कागद करा, बोर्ड करा, इथेनॉल करा हे पण सुरू होणार. करा की, पण त्यातलं पालाश शेतकऱ्याच्या रानातनं गेलेलं असतं आणि पोटॅशची पोती आपण परदेशातनं आणतो. सांडपाण्याचा गॅस काढल्यानं पण त्यातलं पालाश कुठं जात नाही, मागं उरलेली स्लरी, म्हणजे गाळपाणी, तेवढी परत द्या. एवढ्या टन घडामागं एवढं परत, हे बागेच्या करारातच लिहून घ्यायला पाहिजे, नंतर कोण विचारत नाही.

हे अनुभवानं बोलतोय. वडलांच्या वेळी कारखान्यावाले स्वतःहून म्हणायचे प्रेसमड न्या बाबा, जागा मोकळी करा. आता त्याला गिऱ्हाईक झालंय. यंदा माझी ट्रॉली दोनदा गेटवरनं रिकामी परत आली, डिझेल अंगावर, आणि शेवटी आमच्याच उसाची घाण मी रोख पैसे देऊन घेतली.

दोस्ताच्या भावाला विचारलं, तुम्हाला हे घड कितीला पडतात. म्हणला, सध्या तरी फुकट.

हे 'सध्या तरी' आमच्या वडलांनी पण ऐकलेलं होतं.

आपला,
एक ऊस उत्पादक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर