मूळव्याध समजून सोडून देऊ नका

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणतात. रोजंदारीवरच्या माणसाचा दवाखान्यात गेल्यावर खाडा पडतो, म्हणून तो भिंतीवरच्या ‘खात्रीशीर इलाज’वाल्याकडे जातो आणि आतड्याचा कर्करोग असेल तर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर २ वर्षांनी या कर्करोगासाठी शौचतपासणीचा संच मोफत घरपोच येतो. तिथेही तो वापरून परत पाठवणारे गरीब वस्त्यांतच सर्वांत कमी. म्हणजे नुसते फुकट देऊन भागत नाही. आपल्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख आहे, आतडे नाही. निदान आशाताईंनी घरोघरी रक्ताबद्दल एक प्रश्न विचारावा आणि ‘हो’ म्हणणाऱ्याची दुर्बिणीने तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी, एवढी सोय आरोग्य खात्याने करावी.

– एक वाचक, सोलापूर