आयगरची वाट मे महिन्यात बंद असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुटीतल्या युरोप सहलींचे बेत सध्या घरोघरी शिजत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्समधल्या युंगफ्राऊयोख या उंच खिंडीत जाऊन रेल्वे, गोंडोला (तारेवरून जाणारी बंद केबिन) आणि पायी भटकंती एकाच दिवसात उरकायची, असे अनेकांच्या मनात असते. हे जमते, पण आपल्या मे महिन्याच्या सुटीत नाही. तिथल्याच आयगर शिखराच्या उत्तर कड्याच्या पायथ्याने जाणारी ‘आयगर ट्रेल’ बहुधा जूनच्या मध्यानंतरच खुली होते. उत्तरेकडचा उतार असल्याने तिथे ऊन कमी पोहोचते आणि कड्यावरून घसरलेले बर्फ घळींमध्ये साचून राहते. त्यावरून पाय घसरला तर थांबायला आधार नसतो.

जूनअखेर ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी आधी वर जावे आणि उतरताना चालावे. सकाळी आकाश मोकळे असण्याची शक्यता जास्त, दुपारी ढग चढतात. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी वाटेत दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला जातात, म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच बसावे. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला उतरले की गोंडोला तिथेच आहे. २०२० साली सुरू झालेली ही ‘आयगर एक्सप्रेस’ पंधरा मिनिटांत साधारण ९४० मीटरवरून २,३२० मीटरवर, आयगरग्लेचर स्थानकाला, नेते. तिथून बोगद्यातली दातेरी रुळांची रेल्वे ३,४५४ मीटरवर, युंगफ्राऊयोखला, पोहोचवते. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. जिने सावकाश चढावेत, पाणी पीत राहावे. डोके ठणकू लागले किंवा मळमळले तर फोटो राहू द्यावेत आणि खाली यावे. वर भारतीय जेवणही मिळते, पण पुढे चालायचे असेल तर पोटात जागा ठेवलेली बरी!

परतताना आयगरग्लेचरला उतरून ट्रेल धरावी. खालच्या आल्पिग्लेन रेल्वे स्थानकापर्यंत सुमारे ६ किलोमीटर, उतार ७०० मीटर. पिवळ्या पाट्यांवरच्या वेळेत थांबे धरलेले नसतात. पाटीवर दोन तास असतील तर आपण तीन धरावेत. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणा म्हणजे डोंगरी वाट. गुळगुळीत तळाचे बूट मुरमाड घसाऱ्यावर टिकत नाहीत आणि सलग उतारात गुडघे बोलू लागतात. शेवट होतो १,६१६ मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर. गुडघेदुखी असेल किंवा लहान मुले सोबत असतील तर ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरूनच मेनलिशेन डोंगराची गोंडोला घ्यावी. तिथून क्लायने शायडेग स्थानकापर्यंत दीड तासाची सौम्य वाट आहे.

पर्यटकांसाठीचा प्रवास-पास, ‘स्विस ट्रॅव्हल पास’, या वाटेवर ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त २५ टक्के सवलत. त्यामुळे तिकीट काढण्याआधी युंगफ्राऊयोखवरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहावे. पडदा पांढराफटक दिसला तर वरचे महागडे तिकीट त्या दिवशी घेऊ नये. परत आल्पिग्लेनमार्गे येणार, हे खिडकीवर आधीच सांगावे.

मेमध्येच जाणे भाग असेल तर गोंडोला आणि रेल्वेचा आनंद घ्यावा आणि चालण्यासाठी लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्गची सपाट दरीवाट निवडावी. ट्रेलवर जाणाऱ्यांनी मात्र आल्पिग्लेनहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ वरूनच टिपून घ्यावी. ती चुकली तर ग्रिंडेलवाल्डच्या तळापर्यंत आणखी सुमारे ६७० मीटरचा उतार पायीच उतरावा लागतो.

आपले,
काही डोंगरभटके वाचक, पुणे