‘कडक जमिनीवर दिवसभर आराम’ असं लिहून विकलेल्या बुटांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बुटांचे पूर्ण पैसे परत मिळावेत आणि डब्यावरचा दावा काढावा

नमस्कार,

मी लक्ष्मी रोडवर रेडीमेड कपड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. सकाळपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभंच राहायचं, स्टूल आहे पण समोर गिऱ्हाईक असताना कोण बसणार. खाली टाईल्स, मंडई मेट्रोपासून दुकानापर्यंत सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक, घरी शहाबादी फरशी. दिवसभरात पायाला माती लागतच नाही. म्हणूनच तुमच्या शोरूममध्ये शिरल्या शिरल्या मी सांगितलं होतं की दिसायला कसेही असूदेत, मला कडक जमिनीवर उभं राहायला आणि चालायला बूट पाहिजेत. तुमच्या मुलाने हे मॉडेल काढून दिलं, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘कडक जमिनीवर दिवसभर आराम’, आतल्या गादीवर माझाच अंगठा दाबून दाखवला, बघा ताई किती मऊ, मेमरी फोम आहे. ३,४९९ रुपये दिले. माझ्या पगारात ही छोटी रक्कम नाही.

पहिले काही दिवस छान वाटलं. मग टाच दुखायला लागली, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची. फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्यांनी प्लँटर फॅशिआयटिस सांगितलं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात जो जाड पट्टा असतो तो ताणला जाऊन दुखतो. हे फक्त तुमच्या बुटांमुळे झालं असं मी म्हणत नाही, इतका वेळ उभं राहणं हे कारण आहेच. पण त्यांनी बूट हातात घेतला, पुढून-मागून धरून वाकवला, तर पोळीची घडी घालावी तसा बरोब्बर मधोमध दुमडला. चालायचा बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, पाय तिथेच वाकतो, मधे तो टणक राहिला पाहिजे. पिळून पाहिलं तर ओल्या फडक्यासारखा पिळला जातोय. टाचेच्या मागची बाजू बोटाने दाबली तर आत जाते. मला म्हणाल्या, हा बूट पायाला धरून ठेवतच नाहीये.

नंतर मंडईजवळ चप्पल दुरुस्तीवाले काका बसतात त्यांच्याकडून आतली गादी उचकटून घेतली. फोटो जोडलेत, नीट बघा. मेमरी फोमचा थर पातळ आहे आणि टाचेखाली तो पार दबून बसलाय, त्याच्याखाली पुठ्ठ्यासारखा बोर्ड आणि त्याखाली सोल आतून पोकळ, नुसत्या जाळीच्या भिंती. सिमेंटवरचा दणका झेलायला टाचेखाली ईव्हीए फोमचा (हलका, रबरासारखा फोम) जाड, दाबला की लगेच परत वर येणारा थर लागतो. मेमरी फोम सावकाश वर येतो, तोपर्यंत दुसरं पाऊल पडलेलं असतं. शिवाय गरम झाला की तो अजून मऊ पडतो, मग तुमच्या एसी शोरूममध्ये अंगठ्याने दाबून कळणार काय? अंगठ्याला मऊ लागणं वेगळं आणि अख्ख्या अंगाचं वजन तासन्‌तास पेलणं वेगळं. हा फरक बूट बनवणाऱ्याला माहीत नाही यावर माझा विश्वास बसत नाही, आणि माहीत असूनही तसं लिहिलं असेल तर ते जास्त वाईट आहे.

मापाचंही सांगते. करंगळीकडे घट्ट होतायत असं मी तिथेच म्हणाले होते, उत्तर मिळालं वापरून सैल होतील. चामडं सैल होतं, तुमचं हे सिंथेटिक कापड होत नाही. रुंद साईज आहे का विचारलं तर रुंदी वगैरे आमच्याकडे नसते. चेन्नईच्या सीएलआरआयने (केंद्र सरकारची चामडं संशोधन संस्था) देशभरातल्या लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा पुढून जास्त रुंद असतात असं निघालं, तरी तुम्ही लांबीचा एकच आकडा छापून मोकळे. पाय संध्याकाळी सुजलेले असतात, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागते, हे कोणी बोललं नाही. माप घ्यायची पट्टी कोपऱ्यात धूळ खात होती.

परत घेऊन गेले तेव्हा मॅनेजर म्हणाले वापरलेला माल परत घेत नाही, वॉरंटी फक्त सोल निघाला तर. अहो, बूट वापरल्याशिवाय दिवसभर आराम मिळतो की नाही हे कळणार कसं? आमच्या दुकानात पक्का रंग म्हणून दिलेल्या ड्रेसचा रंग पहिल्या धुण्यात गेला तर मालक ड्रेस बदलून देतात, गिऱ्हाईकाला पाणी कुठलं वापरलंत असं विचारत नाहीत.

तर माझं म्हणणं असं. पूर्ण ३,४९९ रुपये परत पाहिजेत, कूपन नको, तुमचाच दुसरा जोड पण नको. आणि या मॉडेलच्या डब्यावरून ते वाक्य काढा, कारण ते वाचून बूट घेणाऱ्या माझ्यासारख्याच असणार, दुकानातल्या, हॉस्पिटलमधल्या, शाळेत उभं राहून शिकवणाऱ्या. घरात थोडं फिरायला म्हणून विका, माझी हरकत नाही.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवीन आणि तिथेही नाही झालं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात येते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. ही धमकी नाही, मला खरंच ते करायचंय.

बिल, डब्याचा फोटो, उचकटलेल्या गादीचे फोटो आणि फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी जोडली आहे. दोन्ही बूट माझ्याकडे आहेत, तपासायला माणूस पाठवायचा असेल तर बुधवारी पाठवा, त्या दिवशी मला सुट्टी असते. फोन नंबर बिलावर आहे.

आपली ग्राहक
पुणे