एम.टेक.चे १२,४०० रुपये कधी हलणार?

संपादक महोदय,

पीएच.डी.च्या फेलोशिपवर अधूनमधून वर्तमानपत्रांत लिहून येतं. त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एम.टेक.वाल्यांची मात्र कुणी दखल घेत नाही, म्हणून हे पत्र. मी मूळची सोलापूरची. सध्या मुंबईत जलअभियांत्रिकीत एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

'गेट' ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. हा आकडा २०१४च्या सुमारास ठरला. तेव्हा पीएच.डी.वाल्यांना सुरुवातीला मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिन्याला २५,००० झाली होती; म्हणजे आम्हाला तिच्या जवळपास निम्मे मिळत. ती फेलोशिप २०१९ मध्ये ३१,००० झाली आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. वाढली ते योग्यच झालं, मुंबईत तेवढ्यातही काही चैन होत नाही. पण दोन्ही वेळा आमचे १२,४०० जागचे हलले नाहीत. निम्म्यावरून आम्ही तिसऱ्या हिश्श्यावर आलो.

बरं, ही रक्कम फुकट मिळत नाही. आठवड्याला आठ तास अध्यापन साहाय्यकाचं काम असतं. मागच्या सत्रात बी.टेक.ची जर्नल्स तपासताना व्हेंच्युरीमीटरचा, म्हणजे पाइपातला प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा, विसर्ग गुणांक १.१२ आलेला दिसला. हे प्रत्यक्ष वाहिलेल्या आणि सूत्रानं येणाऱ्या प्रवाहाचं गुणोत्तर; ते १ च्या वर जाऊच शकत नाही! पुढची जर्नल्स उघडली, तर अख्ख्या बॅचचा १.१२. एकानं वाचन घेतलेलं, बाकीच्यांनी इमानेइतबारे उतरवलेलं. मग सगळ्यांना पुन्हा पाइपाशी उभं केलं, दाबातला फरक मोजणाऱ्या मॅनोमीटरच्या नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवला, तो काढून नव्यानं वाचनं घ्यायला लावली. गुणांक ०.९६ वर आला तेव्हा मेस बंद व्हायची वेळ झाली होती. असले तास हजेरीपटावर चढत नाहीत.

एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्या याच 'गेट'च्या गुणांवर भरती करतात. तिथलं पत्र आलं की पोरं आठवड्याभरात हॉस्टेलची खोली रिकामी करतात. घरी कर्जाचा हप्ता चालू असताना त्यांना नावं कोण ठेवणार? अर्धवट राहिलेला प्रबंध मात्र तसाच पडतो आणि ती जागा वर्षाच्या मध्यात भरताही येत नाही. २०१९ मध्ये आयआयटी परिषदेनं एम.टेक.ची फी बी.टेक.च्या बरोबरीला नेण्यास मान्यता दिली, तेव्हा मुलं मध्येच सोडून जातात हेही एक कारण पुढे केलं गेलं होतं. रोग ओळखला, पण औषध उलटं.

मागणी साधी आहे. एम.टेक.चं विद्यावेतन कनिष्ठ फेलोशिपच्या निम्मं, म्हणजे आजच्या हिशेबानं १८,५०० करावं आणि ते तिच्याशी कायमचं बांधून टाकावं. शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) यांनी मिळून ठरवलं, तर फेलोशिपवाढीच्या पुढच्या परिपत्रकात एम.टेक.ची एक ओळ घालणं अवघड नाही.

– एक एम.टेक. विद्यार्थिनी, मुंबई