तीन तासांचा उल्लेख राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानच्या डॉ. उताको ओकामोतो यांच्यावरचा लेख वाचला. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर काम केलेल्या संशोधक बाईंसाठी कुणी अर्धं पान दिलं, याचा आधी आनंदच झाला. पण त्यांनी शोधलेल्या, रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडला लेखात ‘जादूचं इंजेक्शन’ म्हटलं आहे आणि ते किती वेळात द्यायचं, याबद्दल अक्षरही नाही. तीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या मला ते खटकलं.

या इंजेक्शनने गर्भपिशवी आवळत नाही. बाळामागून वार पडल्यावर गर्भाशयाचे स्नायू आकसतात, त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. त्याला मदत करतं ते ऑक्सिटोसिन हे दुसरं औषध. ट्रॅनेक्सॅमिक फक्त एवढंच करतं, की धरलेली गुठळी शरीराला लगेच विरघळवू देत नाही. आता रक्त वाहूनच गेलं असेल तर राखायला गुठळी उरते कुठे?

लंडनच्या संशोधकांनी केलेल्या ‘वूमन’ चाचणीत २१ देशांतल्या १९३ रुग्णालयांमधल्या २०,०६० बाळंतिणी होत्या. रक्तस्राव सुरू असताना ज्यांना प्रसूतीपासून तीन तासांच्या आत हे औषध मिळालं, त्यांच्यातले रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. तीन तासांनंतर दिलं तर फायदा दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये या बाळंतिणी आणि अपघातातले जखमी अशा चाळीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा दर पंधरा मिनिटांच्या उशिरामागे फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो असं दिसलं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, तर डॉक्टरांना फोन लावून ‘या लवकर’ म्हणायचं आणि ते जिना चढून येईपर्यंतची वाट पाहायची.

ओकामोतो बाईंनी आणि त्यांचे पती शोसुके यांनी हे औषध १९६२ मध्ये जगापुढे मांडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा नव्हता म्हणून त्यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं. कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल, हा हिशेब. मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. हे सगळं लेखात आहे, छान आहे. नाही ते हे, की बाळंतिणींवर हे औषध वापरून पाहा म्हणून त्यांनी जपानमधल्या प्रसूतितज्ज्ञांना सांगून पाहिलं आणि कुणी मनावर घेतलं नाही. शस्त्रक्रियेत ते वापरलं गेलं, पाळीच्या अतिस्रावावर वापरलं गेलं. बाळंतिणीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. बाई एप्रिल २०१६ मध्ये गेल्या, ९८ व्या वर्षी. चाचणीचे निष्कर्ष आले एप्रिल २०१७ मध्ये. लेखात याला ‘उशिरा मिळालेली दाद’ म्हटलंय. बाईंना दाद मिळाली असेलही, पण मधल्या पंचावन्न वर्षांतल्या बायकांचं काय?

वेळेत द्यायचं, तर रक्त जास्त जातंय हे आधी कळायला हवं, आणि आमचं घोडं तिथेच अडायचं. आम्ही रक्त डोळ्यांनी मोजायचो. एका रात्री मी केसपेपरवर ‘साधारण ३०० मिली’ लिहिलं होतं. थोड्या वेळाने बाळंतीण पाणी मागायला लागली, हात गार, नाडी १३०. चादर ओढली तर खाली गादीत केवढं मुरलेलं! ती वाचली, रक्ताच्या पाच बाटल्या लागल्या. आकडा मीच लिहिला होता आणि तो अंदाजच होता.

म्हणून मला बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अ‍ॅरी कुमारसामी यांच्या चमूचं काम ओकामोतो बाईंच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं. आफ्रिकेतल्या चार देशांतली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर प्रसूती, निष्कर्ष २०२३ चे. नवं औषध एकही नाही. बाळंतिणीखाली प्लास्टिकची चादर, तिला पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. रेघ ओलांडली की गर्भपिशवीचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाईन आणि तपासणी, सगळं एकदम सुरू. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. जिथे नेहमीची पद्धत होती तिथे निम्मेच रक्तस्राव लक्षात आले, जिथे ही चादर होती तिथे ९३ टक्के. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. रेघांच्या चादरीवर पुरवणीत लेख येणं अवघड आहे, हे मला कळतं. फोटोही बरा येत नाही तिचा.

लेखाची दुरुस्ती छापणार असाल तर चौकटीत एवढंच टाका: रक्तस्राव लक्षात येताच शिरेतून एक ग्रॅम, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच तशी शिफारस केली आहे. नर्सिंगच्या मुली पुरवणी वाचतात, कात्रणं काढून वहीत चिकटवतात. मीही चिकटवायचे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका