पेंटरकाका, त्या पाटीबद्दल

आदरणीय पेंटरकाका,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या आमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानाला आता वर्ष होत आलं. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की ओ ताई" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सुरुवातीला आम्ही दारावर भलामोठा फ्लेक्स लावला होता: 'गोरगरिबांसाठी अल्पदरात जुने कपडे'. विक्रीतून मुलांच्या शाळेचा खर्च भागवायचा, एवढाच हेतू. पण दुकान ओस पडलेलं. एक दिवस घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतणारी एक बाई लेकीचा हात धरून दारापर्यंत आली. लेकीने फ्लेक्स मोठ्याने वाचला, आणि आईने तिला तशीच ओढत पुढं नेलं. तुम्ही समोर चहा पीत होता. कप ठेवून आलात आणि म्हणालात, "ताई, ही जाहिरात दुकानाची आहे का गिऱ्हाइकाची?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्र्याची पाटी घेऊन आलात. खडू चोळलेला दोरा ताणून, टिचकी मारून रेघा पाडल्यात आणि लिहिलंत: 'धुतलेले, इस्त्री केलेले कपडे. शर्ट ३० रुपये, साडी ५० रुपये. घालून बघा, मग घ्या.' 'गरीब' नाही, 'दान' नाही. खाली तेच तेलुगूत, तुमच्या घरच्या भाषेत. कानडी ओळीसाठी मात्र मित्राला फोन लावून एकेक अक्षर विचारून घेतलंत. तिन्ही भाषा बोलणाऱ्या शहराच्या पूर्व भागात राहून तीन भाषांची पाटी आम्हाला सुचू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

कुणीतरी दिलेली मोराच्या नक्षीची जुनी सोलापुरी चादर आम्ही गठ्ठ्यात टाकली होती. तुम्ही ती धुवायला लावून दारात टांगलीत. हे गाव मागावर वाढलेलं. येणारा माणूस आधी चादरीचा काठ चिमटीत धरून बघतो आणि मगच आत येतो. वीस वर्षं वापरलेलं कापड अजून घट्ट आहे, हे त्याला बोटांनीच कळतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी रिक्षावर भोंगा लावून आम्ही गल्लोगल्ली फिरलो, त्याचाही उपयोग झाला, पण माझ्या मते खरं काम त्या चादरीने केलं.

कपडे देणाऱ्यांचं वेगळंच. चांगल्या साड्या बोहारणीकडे जायच्या, आमच्याकडे तुटक्या चेनच्या पँटी. मी कुरकुरले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ती पातेलं देते. तुम्ही काय देता? निदान हिशेब तरी द्या." तेव्हापासून दारात फळा आहे. महिन्याची विक्री किती, त्यातून किती वह्या, किती गणवेश, सगळं खडूने लिहितो. वर तुमच्याच हातची ओळ: 'पाहुण्यांसमोर घालाल असाच कपडा द्या.' आता साड्या घडी घालून, फॉल-बिडिंगसकट येतात.

ती विडीवाली बाईही आली. लेकीला निळा फ्रॉक घेतला, २० रुपयांवरून घासाघीस केली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

रंगाच्या डब्यांखेरीज तुम्ही पैसे घेतले नाहीत. प्रत्येक पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो, तेही तुम्ही टाकलं नाहीत. उजवीकडचा खालचा कोपरा आम्ही मोकळा ठेवला आहे. रविवारी दुकान बंद असतं. ब्रश घेऊन या, शिडी आम्ही धरतो.

तुमची,
दुकानातली ताई