डॅक बदलण्याआधी आवाज कुठे अडतोय ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की म्युझिक सिस्टीमच्या जाहिराती सुरू होतात, आणि हल्ली त्यात डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) पण दिसायला लागलेत, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असे आकडे ठळक अक्षरात. मग ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की चांगला चाललेला डॅक काढून नवीन घेऊ का, म्हणून हे पत्र.

फाईलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करून तो ॲम्प्लिफायरला द्यायचा, एवढंच डॅकचं काम. १९८२ साली सीडी बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने), त्यात अगदी हळू ते अगदी मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलची रेंज मिळते आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पूर्ण मावतात, तरुण कानाला त्याच्या वरचं फारसं ऐकू येत नाही आणि वय वाढलं की ही मर्यादा अजून खाली येते. आपल्यापैकी कितीतरी जण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या फाईली आवडीने ऐकतात, मी पण ऐकतो, पण त्या तबकडीची खरखर ३२ बिटच्या डॅकमधून पण खरखरच ऐकू येणार ना!

चिपच्या नावावर पण लोक उगाच भांडतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओकाला डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनात, तेव्हा डॅक बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिप वापरून नवी मॉडेलं काढली आणि ती पण चांगलीच चालली, कारण चिपइतकंच तिच्या भोवतीचं सर्किट आणि पॉवर सप्लाय महत्त्वाचे असतात.

दुकानात दोन डॅक ऐकवतात तेव्हा आवाजाची पातळी सारखी केलीय का हे जरूर विचारा. साधा आरसीए आउटपुट साधारण २ व्होल्टचा, बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांचा) ४ व्होल्टचा, म्हणजे सरळ ६ डेसिबलचा फरक, आणि जे जरा मोठ्याने वाजतं तेच कानाला जास्त मोकळं, जास्त खुलं वाटतं. पातळी जुळवून, कुठला चालू आहे ते न सांगता ऐकवा म्हणावं आणि मग पैसे काढा.

डॅक घेऊच नका असं अजिबात नाही. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट आणि ॲम्प्लिफायर जुना असेल तर डॅक लागतोच. मोबाईलला जॅक नसेल तर छोटा डोंगल पुरतो. हेडफोन ३०० ओहमचा असेल आणि आवाज कमी पडत असेल तर तिथे हेडफोन ॲम्प पाहिजे, डॅक बदलून काही होणार नाही. आणि ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी तर मोबाईलला डॅक जोडूच नये, ब्लूटूथ स्पीकरचा स्वतःचा डॅक आतच असतो.

एका गोष्टीची मात्र खरंच काळजी वाटते. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूंऽऽ येतं, चार्जर काढला की बंद, हा बहुतेक वेळा अर्थिंगचा लूप असतो, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जाऊन त्यातून गुणगुण येते. त्यासाठी लोक महागडा यूएसबी डॅक आणतात आणि घूं तसाच राहतो कारण यूएसबीच्या केबलमधून ग्राउंड जोडलेलाच असतो, आणि काहीजण तर प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. कृपा करून असं कोणी करू नका, जिवावर बेतू शकतं. ऑप्टिकल केबलमधून नुसता प्रकाश जातो, वीज जात नाही, लॅपटॉपला तसा आउट असेल तर लूप तिथेच तुटतो, नसेल तर यूएसबीमधला हा विजेचा जोड तोडणारा यूएसबी आयसोलेटर मिळतो.

उरलेले पैसे स्पीकरवर घाला. चांगल्या डॅकचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारा बिघाड) ०.००१ टक्क्याच्या आसपास असतं, स्पीकरचं बासमध्ये सहज १ टक्क्याच्या घरात जातं. आणि स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढून ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणायला तर काहीच खर्च नाही.

आपल्या पेपरात ऑडिओच्या वस्तूंची परीक्षणं येतात तेव्हा कुठल्या स्पीकरवर ऐकलं, पातळी जुळवली होती का आणि आउटपुट किती व्होल्टचा, एवढं तरी छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक